अष्टपुत्रा सौभाग्यवती

बहुव्रीही समास शिकवताना ‘अष्टपुत्रा’ हे उदाहरण मी अजून सोडलेले नाही. आठ पुत्र आहेत जिला अशी ती. विग्रह पुरा होतो न होतो तोच वर्ग हसू लागतो. यंदा एका मुलीने विचारले, “मॅडम, यात मुली धरल्या आहेत का?” संस्कृतातल्या एकशेषाचा आधार घेतला तर धरता येतात, असे मी सांगितले खरे, पण वाकलेल्या नव्या नवरीच्या डोक्यावर हात ठेवताना आजेसासूबाईंच्या मनात पाणिनी थोडाच असतो!

आशीर्वाद दोनच शब्दांचा. आणि आपल्याकडे एकाच घरातल्या बापलेकांनी ते दोन शब्द जणू वाटून घेतले होते. सौभाग्य गेल्यावर बाईचे काय, हा प्रश्न धोंडो केशव कर्व्यांनी हाती घेतला. १८९३ साली त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव ‘अष्टपुत्रा’च्या मागे लागले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७पासून १९५३ साली डोळे मिटेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. वडिलांना १९५८ साली भारतरत्न मिळाले. मुलाच्या वाट्याला खटले आले. आज मात्र घरोघर चालते ते मुलाचेच! १९९२-९३च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी २.९ मुले होती. २०१९-२१च्या पाहणीत ती १.७वर आली. लोकसंख्या आहे तेवढी राहायची तर २.१ लागतात.

ही घट कुणी अंगावर घेतली, तेही त्याच पाहणीत आहे. मूल होण्याच्या वयातल्या शंभर विवाहित बायकांपैकी ४९ जणींनी शस्त्रक्रिया करून घेतलेली. नवऱ्याने करून घेतली, अशी जोडपी शंभरात एकसुद्धा नाही.

आता दुसरा शब्द. नवरा बायकोहून चार-सहा वर्षांनी मोठा असावा, ही आपली रीत. आणि बाईला आयुष्य पुरुषाहून अधिक, हा निसर्गाचा हिशेब. दोन्हींची बेरीज केली की सौभाग्यवतीचा शेवट कुठे होतो ते कळते. २०११च्या जनगणनेत देशातल्या साठीपुढच्या शंभर स्त्रियांत सुमारे ४८ विधवा होत्या. त्याच वयाच्या शंभर पुरुषांत विधुर सुमारे १५. म्हाताऱ्याला शेवटच्या दुखण्यात पाणी द्यायला बहुधा बायको असते. त्या बायकोला पाणी द्यायची वेळ येते तेव्हा तो गेलेला असतो.

शिरूरहून न्हावरे-चौफुला करीत दौंडकडे निघावे, की एसटीत हे सारे आकडे पिशव्या मांडीवर घेऊन बसलेले दिसतात. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीट नाही, मार्च २०२३पासून बायकांना अर्धे. तेव्हापासून या गाडीत दोन पिढ्यांची ये-जा वाढल्यासारखी मला वाटते. एक आईकडे निघालेली लेक, डबा आणि औषधे घेतलेली. दुसरी लेकीकडे निघालेली आई. परवा माझ्या शेजारी बसलेल्या आजींना मी विचारले, “कुणीकडे निघालात, आजी?”

“लेकीकडं. ल्योक वाईट न्हाई हां बाई माझा. रांजणगावला कंपनीत हाय. सून बी कामाला जाती. दिवसभर भिताडाशी बोलायचं व्हय?”

“जावईबापू काही म्हणत नाहीत?”

“त्ये कशाला म्हणत्यात? पर त्यांची आई म्हणती ना!”

त्या जावयाच्या आईलाही एकच लेक असावी आणि तीही कुठेतरी दिली असावी. पूर्वी चार सुना, तीन लेकी यांत वाटले जाणारे काम आता एकीच्या अंगावर येते. तिला दोन्हीकडची मिळून चार माणसे, शिवाय नोकरी.

काम लेकीकडे गेले, तसे शेत गेले काय? कायदा केव्हाच झाला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पण वडिलांचे दिवस झाले की भाऊ म्हणतो, “ताई, एवढी सही कर,” आणि माहेर तुटू नये म्हणून ताई हक्कसोडपत्रावर सही करते. पुष्कळदा त्याच कागदावर आईचीही सही घेतात. नवऱ्याच्या पश्चात तीही मुलांच्या बरोबरीची वारस असते, हे तिला कुणी सांगत नाही. माझे मत विचाराल तर आईने ही सही जिवंतपणी करूच नये. सातबाऱ्यावर नाव असलेल्या म्हातारीचा चहा वेळेवर येतो, एवढा व्यवहार मला या वयात कळला आहे.

जपानमध्ये मुले आपल्याहून कितीतरी आधी घटली. तिथेही म्हाताऱ्यांची उस्तवार सुनेचीच होती. २००० सालापासून त्यांनी शुश्रूषेचा विमा सुरू केला. चाळिशीपुढच्या प्रत्येकाकडून हप्ता घ्यायचा आणि त्या पैशातून घरी मदतनीस पाठवायचा. सुना सुटल्या असे नव्हे. पण हे काम आहे आणि त्याला मोल आहे, एवढे तरी कागदावर आले. त्यांच्या हाती पैसा आधी आला, म्हातारपण मागाहून. आपल्याकडे दोन्ही एकाच गाडीत चढायला बघताहेत.

आपल्या राज्यातही पासष्टीपुढच्या गरीब निराधारांना निवृत्तिवेतन आहे. २०२३पासून महिना १५०० रुपये. योजनेचे नाव श्रावणबाळ! मध्यंतरी तहसील कचेरीत जाणे झाले, तेव्हा तिच्या अर्जासाठी रांग लागली होती. बहुतेक म्हाताऱ्याच. कुणाचा हात लेकीने धरलेला, कुणाचा सुनेने, एक शेजारणीबरोबर आलेली. एकजण एकटीच होती. रांगेत आपली पिशवी ठेवून ती भिंतीच्या सावलीला जाऊन बसली होती, आणि पुढची बाई सरकली की मागची बाई ती पिशवी पायाने पुढे सरकवीत होती.