वडीलधाऱ्यांनी हात आवरावा

मुलांच्या कल्पकतेस उत्तेजन देण्याची भाषा सभासंमेलनांतून पुष्कळ ऐकू येते. परंतु त्या उत्तेजनाची पहिली अट म्हणजे वडीलधाऱ्यांनी आपला हात आवरणे, हे कबूल करण्यास आपण सहसा राजी नसतो. न्यू जर्सीतील ग्लासबरो येथे औद्योगिक आरेखनाचे अध्यापन करणारे सॅम मिक्लस यांनी 1978 साली शाळकरी मुलांसाठी जी सांघिक स्पर्धा सुरू केली आणि जी पुढे ‘ओडिसी ऑफ द माइंड’ या नावाने देशोदेशी पोचली, तिच्या नियमावलीत मात्र ही अट कलमबद्ध आहे. जास्तीत जास्त सात मुलांचा संघ, सोडवण्यास एक अवघड प्रश्न, त्यासाठी काही महिन्यांची मुदत, आणि हाताशी पुठ्ठा, सुतळी, चिंध्या असली घरातील अडगळ. खर्चालाही मर्यादा, व त्याचा हिशेब तक्त्यात भरून हजर करावा लागतो. या सर्वांहून मोलाचे कलम बाहेरच्या मदतीस मज्जाव करणारे आहे. मार्गदर्शकाने करवत कशी धरावी हे खुशाल शिकवावे, पण कोणता तुकडा कोठे कापावा हे सुचवू नये; त्याने किंवा एखाद्या उत्साही मातोश्रींनी तसे केलेच, तर संघाचे गुण वजा होतात.

या स्पर्धेतील एक प्रश्न जुना व लोकप्रिय आहे. बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाच्या काड्या आणि सरस, एवढ्याच भांडवलावर मनोरा उभारायचा, त्याचे वजन कित्येकदा 18 ग्रॅमच्या आत ठेवायचे, आणि मग तो मोडेपर्यंत त्याच्या माथ्यावर वजने चढवीत जायचे. चांगले मनोरे शेकडो पौंड तोलून धरतात. मोडलेल्या मनोऱ्याचा कोणता सांधा प्रथम सुटला याविषयी मुले जी हुज्जत घालतात, तीच माझ्या मते या स्पर्धेची खरी कमाई. मार्गदर्शकाने ‘तिरपी काडी घाला’ एवढे तीन शब्द उच्चारले, की ती हुज्जतच संपते. योगायोग असा की, त्याच 1978 साली पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात गेलेल्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून हीच गोष्ट खेड्यातल्या मुलांच्या हाती दिली: काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण मात्र दाद देत नाही.

आपल्या विज्ञान-प्रदर्शनांची कैफियत याहून निराळी आहे. थर्माकोलच्या त्या देखण्या प्रतिकृतींमागे रात्री जागलेला बाप असतो, किंवा पैसे घेऊन काम करून देणारा कारागीर. बक्षीस घेणाऱ्या बालकाला मात्र आतली तार कोठून कोठे गेली हे ठाऊक नसते. ‘इतरांच्या पालकांनी केले, मग आम्ही नको का?’ हा बचाव मी खोटा म्हणणार नाही, कारण परीक्षक गुण देतात ते झिलईला. तेव्हा खरा दोष गुणदानाच्या शिरस्त्याचाच.

आणि अशी स्पर्धा आपल्याला परकी म्हणावी, तर दिवाळीचा किल्ला आहेच. विटांच्या तुकड्यांवर दगड रचून, चिखलात बुडवलेले गोणपाट त्यावर पांघरून, कडा ढासळली की ‘तुला सांगितलं होतं’ म्हणून एकमेकांवर ओरडून, पुन्हा लिंपून, त्यावर अळीव पेरून उगवण्याची वाट पाहणारी वाड्यातली पोरे कोणत्याही नियमावलीवाचून हेच करीत आली. मोठ्यांनी यावे ते फक्त पणती लावण्यापुरते. आता बाजारातून प्लॅस्टरचा तयार गड आणला जातो, आणि जेथे माती अजून शिल्लक आहे तेथे स्पर्धेच्या ईर्षेने पालकच कमरेत वाकून बुरूज लिंपताना दिसतात.

माझी तजवीज साधी आहे. येत्या दिवाळीत किल्ल्यांच्या परीक्षकांनी नुसते पाहून गुण देऊ नयेत. एक बुरूज स्वतः पाडावा, तो पुन्हा उभा करण्यास मुलांना अर्ध्या तासाची मुदत द्यावी, आणि तेवढा वेळ पालकांना चहासाठी आवाराबाहेर न्यावे.