पाकिटावरची बारीक अक्षरे

२०२३ साली लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला गेले होते. बॅगेत डिंक, खारीक, अळीव, मेतकूट सगळे होते, आणि मनात एक जुना तोरा: दुकानातले तयार जेवण माझ्या हातून कुणाच्या ताटात जाणार नाही. पण तिथे फ्रीझरचे दोन कप्पे तयार खोक्यांनीच भरलेले! एका संध्याकाळी लेक ऑफिसातून दमून आली, मलाही कणकण होती, म्हणून भाज्यांच्या लझान्याची दोन खोकी काढली. म्हटले, गरमच तर करायचाय.

चाळीस मिनिटांनी वरचे चीज असे सोनेरी झाले होते की विचारू नका. लेकीने मधोमध काटा घातला, घास तोंडाशी नेला आणि ताटली बाजूला सारली. "आई, आत गार आहे गं. हे मी खाणार नाही."

मला राग आला, खोटे कशाला बोलू? आमच्या घरी ताटातले टाकायची पद्धत नाही. मग तिने दवाखान्यातून मिळालेली पुस्तिका पुढ्यात ठेवली. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, गोठवले तरी मरत नाही, आणि गरोदर बाईला त्याची बाधा झाली तर मूल दगावू शकते. म्हणून तयार जेवण आतपर्यंत कढत झाल्याशिवाय खायचे नाही. मी गप्प बसले.

रात्री चष्मा लावून कचऱ्यातले खोके काढले आणि वाचले. पंख्याच्या ओव्हनला १८०, बिनपंख्याच्या ओव्हनला २००, गॅसच्या ओव्हनला ६ नंबर. मी १८० लावले खरे, पण बटण पंख्याच्या चित्रावर नव्हतेच. ओव्हन आधी तापवलाही नव्हता. आणि दिलेली वेळ एका खोक्याची, मी ठेवली दोन. वर्गात छत्तीस वर्षे मुलांना बजावत आले, "आधी सूचना वाचा, मग उत्तरे लिहा." असो.

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर अप्रकट उष्मा शिकवायचे तो तेव्हा आठवला. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. म्हणजे वरचे चीज लाल होत असताना पोटातला बर्फ अजून वितळतच असतो. रंगावर विसंबणे हीच माझी चूक.

आता कुणी म्हणेल, आपल्या आज्या कुठे अंश मोजत होत्या? नव्हत्या मोजत. पण भाजी त्यांनीच चिरलेली असे, आमटीला उकळी आलेली डोळ्यांना दिसे. बंद खोक्यात काय आणि किती गोठले आहे ते आपल्याला दिसत नाही, तिथे अंदाज चालत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. २००७ साली अमेरिकेत गोठवलेल्या पॉट पायमुळे ४१ राज्यांत चारशेच्या वर माणसे साल्मोनेलाने आजारी पडली. पुष्कळांनी ते मायक्रोवेव्हमध्ये गरम केले होते.

पण सगळा दोष खाणाऱ्याच्या माथी मारणेही मला पटत नाही. जाहिरातीचे अक्षर बोटभर आणि जिच्यावर तब्येत अवलंबून ती ओळ मुंगीएवढी, तीही फाडून टाकायच्या वेष्टणावर! शिवाय ओव्हनचे बटण दाखवते तेवढी उष्णता आत असतेच असे नाही. खोक्यावरची वेळ ही त्यांच्या ओव्हनची वेळ, आपल्या नव्हे. खरे मोजायचे ते पदार्थाच्या पोटात. तिथल्या नियमाप्रमाणे मध्यभागी ७० अंश, तेही दोन मिनिटे टिकले पाहिजेत. हा आकडा खोक्यावर ठसठशीत छापा की!

जावईबापूंनी दुसऱ्याच दिवशी सुईचा थर्मामीटर मागवला. मग मी रोज खोकी सांभाळून ठेवी आणि सुई खुपसून बघे. लेक हसायची, "आई, ताप बघतेयस का त्याचा?" नात झाली, सुखरूप.

येताना तसाच एक, आणि ओव्हनच्या जाळीवर ठेवायचा दुसरा घेऊन आले. आमच्या पुण्याच्या ओटीजीचे बटण २०० वर असते तेव्हा आत १७५ भरतात. म्हणून मी आता २२५ लावते.