मुक्तिसंग्रामाचे नाणे मराठवाड्याने ठरवावे

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे स्मृतिनाणे निघावे आणि त्यावरचे चित्र मराठवाड्याने ठरवावे, ही मागणी जालना जिल्ह्यातील मंठ्यासारख्या तालुक्यातून पुढे यायला हवी. नाण्यावर राज्यकर्ता काय कोरतो, याचा अनुभव या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे.

मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्याच्या ‘हाली’ रुपयावर चारमिनार होता. १५९१ सालची वास्तू, राजधानीची खूण. तिच्या मधल्या कमानीत एकच अक्षर, गादीवरच्या निजामाच्या नावाचे. मीर महबूब अली खान गादीवर असताना ‘मीम’, मीर उस्मान अली खान आल्यावर ‘ऐन’. शिवाय नाण्यावर आसफजाही किताब आणि ९२ हा आकडा. ‘मुहम्मद’ या नावातील अक्षरांची अबजद पद्धतीने होणारी ही बेरीज. कारागिरी म्हणून नाणे देखणेच आहे, ते नाकारायचे कारण नाही. पण सगळा मजकूर फारसी लिपीत. मंठा, परतूर, जालन्याचा कास्तकार याच रुपयांत व्यवहार करायचा, त्याच्या मराठीचे एक अक्षरही त्यावर नव्हते. शिवाय इंग्रजी मुलखातले सहा ‘कलदार’ घ्यायचे, तर सात हाली मोजावे लागत.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. हाली चलन मात्र पुरते बाद व्हायला १९५९ साल उजाडले. हैदराबादची टांकसाळ केंद्राकडे आली. आज हाती आलेल्या नाण्यावर सालाखाली चांदणी दिसली, तर ते हैदराबादला पाडलेले असते.

स्मृतिनाणे काढण्याचा अधिकार २०११ च्या कायद्याने केंद्र सरकारकडे आहे. १९९९ साली दोन रुपयांच्या नाण्यावर छत्रपती शिवराय आले, तेव्हा महाराष्ट्राला झालेला आनंद खरा होता. मुक्तिसंग्रामाच्या नाण्यावर त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ असावेतच. पण तेवढ्यावर थांबू नये. निजामाच्या अबकारी उत्पन्नावर घाव घालण्यासाठी सत्याग्रहींनी गावोगावी शिंदीची झाडे तोडली. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठल्याच शिळेवर नाहीत. शिंदीच्या बुंध्यावर पडणारी कुऱ्हाड हे त्यांचे चित्र आहे. चारमिनारच्या जागी दुसरी एखादी इमारत बसवून तो लढा दिसणार नाही. तो शेताच्या बांधावर लढला गेला.

जालना जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी हा प्रस्ताव केंद्रीय अर्थ मंत्रालयाकडे न्यावा आणि त्यासोबत नाण्यावर कोरायचा मराठी मजकूरही द्यावा.