‘आपलं’ रामायण बघायला जाऊ नका

बाली ट्रिपच्या लिस्टमध्ये उलुवातूचा सूर्यास्त असतोच. समुद्राच्या कड्यावरचं मंदिर, शेजारी उघडं प्रेक्षागृह आणि तिथे संध्याकाळी होणारा केचक. तिकीट काढाल, माकडांपासून चष्मा वाचवाल, जागा पकडाल. आणि सीता दिसली रे दिसली, की शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाल, ‘‘अरे, हे तर आपलं रामायण!’’

मीही तेच केलं. मग बराच वेळ मी नाटक बघतच नव्हतो, चुका काढत होतो. रावणाला एकच तोंड कसं? मध्येच हे विदूषक कुठून आले?

चूक माझी होती. रामकथा तिकडे पोचून हजाराहून जास्त वर्षं झाली. नवव्या शतकाच्या सुमारास जुन्या जावानीज भाषेत रामायण लिहिलं गेलं, तेही बरंचसं भट्टिकाव्यावर बेतलेलं. म्हणजे वाल्मीकींचं पुस्तक घेऊन टॅली करत बसण्यात अर्थच नाही. आणि ते विदूषक? तुआलेनसारखे हे सेवक तिथल्या छायानाट्यात फार महत्त्वाचे. राजे आणि देव जुन्या कवी भाषेत बोलतात, जी सगळ्यांना कळत नाही. ती साध्या बालीनीजमध्ये उलगडून सांगतात ते हे सेवक. त्यांच्याविना गोष्ट पब्लिकपर्यंत पोचणारच नाही!

दुसऱ्या टोकाचे लोकही भेटतात. ‘‘हे सगळं टुरिस्टांसाठी बनवलंय रे,’’ म्हणून नाक मुरडणारे. अर्धं खरं आहे. आपला ‘अयोध्येचा राजा’ १९३२चा, केचकही त्याच दशकातला. सांघ्यांग या जुन्या विधीतला पुरुषांचा कोरस घेऊन त्यात रामकथा गुंफली गेली. जर्मन चित्रकार वॉल्टर स्पीस आणि बालीचा नर्तक वायन लिम्बाक यांचा त्यात मोठा हात होता. पण म्हणून ते खोटं कसं ठरतं? अनेक केचक मंडळं आजही गावातल्या बंजारची, म्हणजे वस्तीच्या संस्थेची असतात.

एकही वाद्य नसतं, हे आधी लक्षातही येत नाही. काळ्या-पांढऱ्या चौकटीचं वस्त्र नेसलेले पन्नास-साठ पुरुष गोल करून बसतात आणि ‘चक-चक-चक’ सुरू होतं. एकट्याचा ‘चक’ काहीच नाही. पण एकाच्या ‘चक’मधल्या फटीत दुसऱ्याचा बसतो, आणि त्याच माणसांची वानरसेना होते. अंधार पडल्यावर हनुमानाभोवती नारळाच्या सोडणांचा जाळ पेटतो, तो लाथेनं निखारे उडवतो, तेव्हा पुढच्या रांगेतले पाय आपोआप मागे येतात.

तेवढा वेळ तरी मोबाइल खिशात ठेवा. रील शेजारचा काढतोच आहे, त्याच्याकडून घ्या.