दयाळ आणि चिरक

फाल्गुन सरत आला की मंचेरियलमध्ये उजाडण्यापूर्वीच एक गोड, चढउताराची शीळ कानी पडू लागते. ‘दयाळ गातो आहे,’ असे आपण मुलांना सांगतो. थोड्या वेळाने कुंपणाच्या दगडावर शेपटी उभारून एक काळा पक्षी नाचताना दिसतो. त्यालाही दयाळच म्हणून आपण मोकळे होतो. पण तो असतो चिरक.

दोघांतील भेद ध्यानी ठेवणे कठीण नाही. दयाळ जवळजवळ वीतभर लांब. नराचे डोके, पाठ व छाती तुकतुकीत काळी, पोट पांढरे, पंखावर लांब पांढरा पट्टा आणि शेपटीच्या कडाही पांढऱ्या. मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखाडी रंग असतो. चिरक त्याहून लहान, सुमारे १६ सेंमी. नराचे पोटही काळे. पांढरा डाग तेवढा खांद्यावर, आणि शेपटीच्या बुडाशी खालून तांबूस रंग. मादी तपकिरी, मात्र हा तांबूस रंग तिलाही असतो.

दयाळाला बागा आणि झाडी प्रिय. उंच शेंड्यावर बसून तो दीर्घ गाणे गातो, इतर पक्ष्यांच्या नकलाही करतो. चिरकाला उघडा, खडकाळ माळ आवडतो. त्याचे गाणे चार सुरांचे.

आपल्या तेलुगू शेजाऱ्यांनी मात्र यांचे नाते केव्हाच ओळखले होते. चिरक ‘नल्लंचि’, तर दयाळ ‘पेद्द नल्लंचि’, म्हणजे थोरला! ही नावे जेर्डन यांनी १८६०च्या दशकातील आपल्या पक्षिग्रंथात नोंदविली आहेत. शास्त्रज्ञ दीर्घकाळ दोघांना वेगवेगळ्या प्रजातींत गणत. या शतकात डीएनएच्या अभ्यासानंतर चिरकालाही दयाळाच्या ‘कॉप्सिकस’ प्रजातीत स्थान मिळाले.

दोघेही झाडांच्या ढोलीत वा भिंतीच्या भोकात घरटे करतात. हंगाम साधारणतः मार्च ते जुलै. नेमकी याच दिवसांत, पावसापूर्वी, आपण घराची डागडुजी काढतो. चिरक घरट्यात पुष्कळदा सापाची कात आणून घालतो. ती दिसताच ‘साप आहे’ म्हणून भोक बुजविले जाते, आणि पिले आतच गुदमरतात. तेव्हा गवंड्याच्या हाती थापी देण्यापूर्वी, वाचकहो, घटकाभर दूर उभे राहून पाहावे. चोचीत किडा घेऊन कोणी आत शिरताना दिसले, तर ती भिंत पिले उडून जाईतो तशीच राहू द्यावी.