बाईच्या धापेची नोंद कोण घेणार?

‘हार्ट फेल झाले’ हे शब्द आपल्याकडे माणूस गेल्यावर वापरतात. त्यामुळे एखाद्या बाईला ‘हार्ट फेल्युअर’ आहे असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्यांना वाटते, आता सगळे संपले. ‘उगाच पैसा कशाला घालवायचा’ असे म्हणून तिला घरी आणले जाते. वैद्यकशास्त्रात मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. हृदय बंद पडलेले नसते. शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलायला त्याची ताकद अपुरी पडत असते, किंवा ते नीट सैल होऊन रक्ताने भरत नसते. मग फुप्फुसांत, पायांत, पोटात पाणी साचते. वेळेवर निदान होऊन नियमित औषधे मिळाली तर असे रुग्ण अनेक वर्षे जगतात, बेताने कामही करतात. एका शब्दाच्या गैरसमजापायी बाईचे उपचार थांबत असतील, तर तो शब्द समजावून सांगणे हेसुद्धा आपले काम आहे.

मी नगर जिल्ह्यात (2024 पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते. बायकांच्या हृदयरोगाचे निदान उशिरा होते याला केवळ यंत्रांचा आणि तज्ज्ञांचा तुटवडा कारण आहे, असे मला वाटत नाही. बाईच्या धापेला घरात कोणी लक्षण मानत नाही, दवाखान्यात मानत नाहीत, आणि आपल्या चळवळीच्या आरोग्यविषयक मांडणीतही तिला फारशी जागा नाही. ती धाप वयाला, वजनाला, अशक्तपणाला नाहीतर ‘टेन्शन’ला जमा होते.

धाप ओळखायला सुरुवातीला यंत्र लागत नाही. पाण्याची खेप आणताना गेल्या वर्षीपेक्षा जास्त वेळा थांबावे लागते का? आडवे झाले की दम कोंडतो का? डोक्याखाली गोधडीची घडी उंच करून घ्यावी लागते का? रात्री झोपेतून उठून बसावे लागते का? संध्याकाळी जोडवी रुततात का, पायावर बोट दाबले की खड्डा राहतो का? हे प्रश्न बचत गटाच्या बैठकीत कोणीही विचारू शकते. उत्तर ‘हो’ आले म्हणजे हृदयरोगच आहे असे नाही. आपल्या बायकांमध्ये रक्त कमी असण्याचे प्रमाण मोठे आहे आणि त्यानेही दम लागतो. परंतु हिमोग्लोबिन कमी निघाले, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विषय संपला, असे होता कामा नये. रक्ताच्या तपासणीबरोबर रक्तदाब मोजला पाहिजे, छाती ऐकली पाहिजे, इसीजी काढला पाहिजे आणि शंका आली तर ‘इको’, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली पाहिजे.

प्रत्यक्षात काय होते? ‘अंगात ताकद नाही, दम लागतो’ असे सांगणाऱ्या बाईला गावातल्या दवाखान्यात सलाईन लावले जाते. तिलाही ते हवे असते, कारण सलाईन लावले म्हणजे उपचार झाले अशी आपली समजूत आहे. ज्या शरीरात आधीच पाणी साचले आहे, त्यात बाटलीभर पाणी आणि मीठ आणखी गेले तर फुप्फुसे भरून जीव धोक्यात येऊ शकतो. तपासणी न करता सलाईन लावण्याच्या प्रथेविरुद्ध बोलताना आपण सहसा पैशांच्या लुटीबद्दल बोलतो. ती जिवावरही बेतू शकते, हे तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

छाती ऐकण्याचा प्रश्न तर बाई असण्याशीच जोडलेला आहे. 1816 साली पॅरिसमध्ये रेने लाएनेक नावाच्या डॉक्टरसमोर हृदयरोगाची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री आली. तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची सुरळी केली आणि तिच्यातून ठोके ऐकले. स्टेथोस्कोपचा जन्म असा झाला. त्याआधी 1785 साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने अंगावरच्या सुजेसाठी फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीच्या उपयोगावर पुस्तक लिहिले. त्याला त्याचा पहिला धागा श्रॉपशायरमधल्या एका म्हाताऱ्या बाईच्या घरगुती औषधातून मिळाला होता. त्याच वनस्पतीतून हृदयावरचे डिजिटॅलिस हे औषध आले. या दोन्ही स्त्रियांची नावे त्या डॉक्टरांनी लिहून ठेवली नाहीत. बाईचा संकोच न मोडता तिची छाती ऐकता यावी म्हणून निघालेले हे साधन दोनशे वर्षांनंतरही अनेक दवाखान्यांत पदरावरूनच टेकवले जाते. झडपेतला हलका आवाज कपड्याच्या घड्यांवरून नीट ऐकू येत नाही. पडदा लावलेली एक जागा आणि सोबत एक परिचारिका एवढ्या सोयीने हा प्रश्न सुटू शकतो.

आता कारणांकडे येऊ. पहिले कारण लहानपणीच्या घसादुखीचे. साधारण 5 ते 15 वर्षांच्या मुलांना एका विशिष्ट जिवाणूमुळे घशाचा संसर्ग होतो. त्यावर नीट उपचार झाले नाहीत तर काहींना रुमॅटिक ताप येतो, एकामागून एक सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा खराब होऊ लागतात. दाटीच्या घरांत, गरिबीत हा आजार जास्त होतो. एकदा असा ताप येऊन गेला की तो पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. हे औषध महागडे नाही. पेनिसिलिन बनवणारा सरकारी कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, शेजारच्या पुणे जिल्ह्यात पिंपरीला 1954 सालीच उभा राहिला. तरीही मुलीचे इंजेक्शन मध्येच बंद पडते, आणि ते बहुधा तिच्या लग्नाच्या वेळी बंद पडते.

माझ्या कामात हे पुन्हा पुन्हा समोर येते. स्थळ बघायला सुरुवात झाली की मुलीची फाईल कपाटात जाते. ‘हृदयाची आहे म्हटल्यावर कोण करून घेईल?’ असे आई म्हणते, आणि तिचे भय खोटे नसते. सासरी कोणाला सांगायचे नाही म्हणून इंजेक्शनही घ्यायचे नाही. मग दिवस राहतात. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढते, हृदयावरचा भार वाढतो आणि अरुंद झालेल्या झडपेला तो पेलत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात तिला श्वास घेता येईनासा होतो, तेव्हा तो दडवलेला आजार सासरच्यांना कळतो. त्यानंतर ‘आम्हाला फसवले’ म्हणून तिला माहेरी पाठवले जाते. आजारी मुलाचे लग्न करताना मुलीकडच्यांना कोण विचारते? हुंड्याइतकाच हा लग्नव्यवस्थेचा प्रश्न आहे आणि आपण तो तसाच हाती घेतला पाहिजे. झडपेचा आजार असलेल्या अनेक बायका योग्य देखरेखीखाली सुखरूप बाळंत होतात. काहींसाठी मात्र गरोदरपण फार धोक्याचे असते. आपण कोणत्या गटात आहोत हे दिवस राहण्याआधी जाणून घेणे आणि त्यावर निर्णय करणे हा तिचा हक्क आहे.

बाळंतपणाशी जोडलेला दुसराही एक आजार आहे. आधी निरोगी असलेल्या काही बायकांचे हृदय गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत अचानक कमकुवत होते. पाय सुजतात, धाप लागते, आडवे होता येत नाही. घरात याला ‘बाळंतपणाची सूज’ म्हणतात. वेळेवर ओळखले तर यातल्या बऱ्याच जणी पूर्ण बऱ्या होतात. म्हणून ओल्या बाळंतिणीची धाप कधीही अंगावर काढू देऊ नये.

तिसरे कारण चुलीचा धूर. डॉ. एस. पद्मावती या भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ. 2020 साली वयाच्या 103व्या वर्षी त्या गेल्या. दिल्लीत काम करताना फुप्फुसांच्या आजारातून उजव्या बाजूचे हृदय निकामी झालेल्या रुग्णांचा त्यांनी अभ्यास केला. बिडी न ओढणाऱ्या बायकांमध्येही हा आजार दिसत होता, आणि त्याचा संबंध त्यांनी घरातल्या धुराशी जोडला. तो अभ्यास 1959 साली प्रसिद्ध झाला. उज्ज्वला योजना आली 2016 साली. आज सिलिंडर घरोघरी पोचला असला तरी दुसऱ्यांदा भरून आणायला पैसे नाहीत म्हणून पऱ्हाट्या आणि गोवऱ्या जळतातच. ऊसतोडीच्या फडावर कोपीसमोर तीन दगडांची चूल असते, तिथे तर दुसरा पर्यायच नसतो.

ऊसतोड बायकांचा विषय निघाला म्हणून एक मुद्दा आग्रहाने मांडते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे आपल्या जिल्ह्यातले तालुके, आणि शेजारचा बीड. 2019 साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, सर्वेक्षणात अशा 13 हजारांहून अधिक बायका आढळल्या. महिला संघटनांनी तो प्रश्न लावून धरला. आता त्याच्या पुढचे पाऊल टाकायला हवे. तरुण वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली, तर पाळी जाण्याआधी बाईला शरीरातल्या संप्रेरकांचे जे काही संरक्षण असते ते अकाली जाते आणि पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. त्या बायका आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्या अजूनही मोळ्या वाहतात आणि दम लागला तरी खाडा करू शकत नाहीत, कारण उचल फेडायची असते. पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईचा रक्तदाब, साखर आणि हृदय दरवर्षी तपासले जावे, ही मागणी आपण केली पाहिजे.

बाईचे दुखणे पुरुषाच्या मापाने मोजणे ही आपल्या गावापुरती गोष्ट नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या स्त्री संचालक डॉ. बर्नाडीन हीली यांनी 1991 साली लिहिले होते की, बाईला हृदयरोगाचे उपचार पुरुषासारखे मिळायचे असतील तर तिला आधी तिचा रोग पुरुषासारखाच आहे हे दाखवून द्यावे लागते. झटका आला की छातीत दुखणे हे बायकांमध्येही मुख्य लक्षण आहे. पण धाप, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणे, अतिशय थकवा ही लक्षणे त्यांच्यात अधिक दिसतात, आणि ‘ॲसिडिटी’ म्हणून गोळी देऊन पाठवले जाते.

उपचार आज आहेत. साचलेले पाणी लघवीवाटे काढणाऱ्या गोळ्या, हृदयावरचा भार हलका करणाऱ्या आणि आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्या, अरुंद झडप फुग्याने रुंद करणे, झडप बदलणे. यासाठी मुंबई गाठावी लागते असेही नाही. नगर शहरात आनंदऋषीजी हॉस्पिटल आहे, लोणीला प्रवरा मेडिकल ट्रस्टचे रुग्णालय आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयावरच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. परंतु या योजनेचा भर दाखल होऊन करायच्या उपचारांवर आहे. हृदयाच्या आजारात खरी लढाई दाखल होऊन घरी आल्यावर सुरू होते. कृत्रिम धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि तिचे प्रमाण बरोबर आहे का हे पाहायला वारंवार रक्त तपासावे लागते. अकोल्याच्या डोंगरातल्या बाईला त्यासाठी एक मजुरी बुडवावी लागते आणि एसटीचे भाडे नवऱ्याकडे किंवा सासूकडे मागावे लागते. बरे वाटले की ‘आता कशाला गोळ्या’ म्हणून पहिली काटछाट तिच्याच औषधात होते. यातली काही औषधे गरोदरपणात बाळाला घातक असतात हेही तिला आधी सांगितले जात नाही.

हे बदलता येते याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते अशा, बहुतेक दलित आणि गरीब घरांतल्या बायकांना त्यांनी गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. बाळंतपण, कुष्ठरोग, क्षयरोग अशा गोष्टी या बायका ओळखू आणि हाताळू लागल्या. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे काम ज्या बायकांनी करून दाखवले, त्यांच्या मुली-सुनांच्या वयाच्या आज आशाताई आहेत. आशाताईला धापेचे चार प्रश्न, रक्तदाब आणि पायावरची सूज पाहण्याचे प्रशिक्षण मिळाले आणि त्या कामाचा वेगळा मोबदला मिळाला, तर कितीतरी बायका वेळेवर ‘इको’पर्यंत पोचतील.

म्हणून आपल्या संघटनांनी पुढील मागण्या लावून धराव्यात असे मला वाटते. प्रत्येक गरोदर बाईची छाती पहिल्याच तपासणीत, आडोशाला, नीट ऐकली जावी आणि तशी नोंद तिच्या कार्डावर व्हावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात पेनिसिलिनचे इंजेक्शन आणि इसीजी कायम उपलब्ध असावेत. माहेरी सुरू झालेल्या उपचाराची नोंद सासरच्या गावच्या केंद्राकडे तिच्या संमतीने, गुप्तता राखून जावी. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीची तपासणी तालुक्याला मोफत व्हावी आणि त्यासाठी प्रवासभाडे मिळावे. ऊसतोडीला निघण्याआधी आणि परत आल्यावर बायकांची हृदयतपासणी व्हावी.

या मागण्या मान्य होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. जिल्ह्याला आता चौंडीच्या अहिल्याबाईंचे नाव आहे. त्याच जामखेड तालुक्यापासून सुरुवात करू. या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर ते प्रश्न विचारू या, आणि ज्या बाईचे उत्तर ‘हो’ येईल तिला एकटीने दवाखान्यात पाठवू नये. कोणीतरी सोबत जावे, आणि छाती नीट ऐकल्याशिवाय परत येऊ नये.