पन्नास मीटर कोण मोजणार?

शाळा सुटल्याची घंटा झाली, की फाटकाबाहेरचे दृश्य सगळीकडे सारखेच! नागपूर असो, इंदूर असो की दिल्ली, मुलांचा लोंढा आधी समोरच्या दुकानाच्या पायरीवर थबकतो. दारावर तोरणासारख्या वेफर्सच्या पुड्या लटकलेल्या. शीतपेयांचा फ्रीज मुद्दाम बाहेर ओढून ठेवलेला. आत स्टिकर किंवा खेळणे असलेली पुडी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेली. पाच-दहा रुपयांचा तर प्रश्न! सकाळी आईने घाईघाईत भरून दिलेला पोळीभाजीचा डबा अर्धा परत का येतो, याचे उत्तर पुष्कळदा या पायरीवर सापडते.

गंमत अशी, की यातला बराचसा माल कायद्याने तिथे मुलांना विकताच येत नाही. आश्चर्य वाटले ना?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये शाळकरी मुलांच्या आहाराविषयीचे नियम प्रसिद्ध केले. १ जुलै २०२१ पासून ते देशभर लागू झाले. साखर, मीठ आणि घातक स्निग्ध पदार्थ ज्यात प्रमाणाबाहेर आहेत, असे खाद्यपदार्थ शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून कोणत्याही दिशेला ५० मीटरच्या आत शाळकरी मुलांना विकता येत नाहीत. त्यांची जाहिरात करता येत नाही. एवढेच काय, फुकटसुद्धा वाटता येत नाहीत! असा माल बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली नावे आणि बोधचिन्हे वह्या-पुस्तकांवर, शाळेच्या बसवर, खेळाच्या मैदानावर झळकवायची नाहीत, असेही त्यात म्हटले आहे. आणि ही मनाई सांगणारा फलक शाळेने आपल्या प्रवेशद्वारावर लावायचा आहे.

हा नियम सहजासहजी झालेला नाही. दिल्लीतील एका स्वयंसेवी संस्थेने २०१० साली उच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा तिची मागणी शाळेभोवती ५०० यार्ड, म्हणजे सुमारे साडेचारशे मीटर बंदीची होती. न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये निकाल दिला, आणि प्रत्यक्ष नियम यायला आणखी पाच वर्षे गेली. दरम्यान महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हटवण्याचा आदेश काढला होता. थोडक्यात, साडेचारशेचे पन्नास झाले, पण नियम झाला. आता प्रश्न एकच. हे पन्नास मीटर मोजणार कोण?

कुणाचे काम?

कागदावर उत्तर सोपे आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार हे काम राज्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचे. महाराष्ट्रात ते अन्न व औषध प्रशासनाकडे येते. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनीही लक्ष ठेवायचे आहे. पण याच अधिकाऱ्याकडे दुधातली भेसळ आहे, दिवाळीतला खवा आहे, तेलाचे नमुने आहेत, हॉटेलांची तपासणी आहे आणि कोर्टाच्या तारखाही आहेत. शाळेच्या फाटकाचा नंबर लागायचा केव्हा? मुख्याध्यापकांचा अधिकार फाटकाशी संपतो. रस्त्यापलीकडच्या दुकानदाराला ते विनंती करू शकतात, दंड करू शकत नाहीत.

असा अनुभव आपल्याला नवा नाही. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायचे नाहीत, असा कायदा २००३ साली झाला. त्याच्या भंगाला दंड किती? जास्तीत जास्त २०० रुपये! आपल्या गल्लीतली शाळा आणि तिच्याजवळची पानपट्टी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या कायद्याचे काय झाले, ते सांगायला नको.

आणि कधी कारवाई झालीच, तर बडगा कुणावर पडतो? पुष्कळदा टोपलीवालीवर. बोरे, पेरू, काकडी, भाजके शेंगदाणे विकणारी बाई रस्त्यावर असते, म्हणून तिला उठवणे सोपे. वास्तविक तिच्या टोपलीतल्या फळांवर बंदी नाहीच. बंदी ज्या मालावर आहे, तो पक्क्या दुकानात, झगमगीत वेष्टनात सुरक्षित असतो. नियमाचा हेतू मुलांचे पोट सांभाळण्याचा आहे, फूटपाथ मोकळा करण्याचा नाही, हे कारवाई करणाऱ्याने विसरून चालणार नाही.

पुडी मुकी आहे

खरी ग्यानबाची मेख पुढेच आहे. ५० मीटर टेपने मोजता येतील, पण कोणती पुडी बंदीतली आणि कोणती नाही, हे उभ्या उभ्या कसे ओळखायचे? मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात छापलेले आकडे दुकानदार वाचत नाही, ग्राहक वाचत नाही, आणि मूल तर नाहीच नाही.

या अडचणीवर इतर देशांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडने १ ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांत असा माल प्रवेशद्वारापाशी, रांगांच्या टोकांना आणि बिल काउंटरजवळ मांडायला मनाई केली. 'एकावर एक फुकट' या प्रलोभनावरची बंदी मात्र दोनदा पुढे ढकलली गेली आणि १ ऑक्टोबर २०२५ रोजी अमलात आली. तिथला नियम काटेकोर आहे. ज्या व्यवसायात ५० हून कमी माणसे कामाला आहेत, त्याला सूट. मांडणीच्या नियमातून २,००० चौरस फुटांपेक्षा लहान दुकानालाही सूट. आधी सुधारणेची नोटीस, आणि ती पाळली नाही तर २,५०० पौंडांचा दंड होऊ शकतो. पण पदार्थ 'कमी आरोग्यदायी' आहे की नाही, हे साखर, मीठ, तंतू, प्रथिने वगैरेंच्या गुणांची बेरीज-वजाबाकी करून ठरते, आणि ते गुण वेष्टनावर छापलेले नसतात. म्हणजे स्थानिक संस्थेच्या निरीक्षकाने टेपही घ्यायची आणि हिशेबाची वहीही!

चिलीने दुसरी वाट धरली. जून २०१६ पासून त्या देशात साखर, मीठ, संपृक्त स्निग्धांश किंवा उष्मांक ठरावीक मर्यादेपलीकडे असलेल्या पदार्थाच्या दर्शनी बाजूवर काळा अष्टकोन छापावा लागतो. ज्यावर अष्टकोन, ते शाळेत विकायचे नाही. संपले! निरीक्षकाला हिशेब नको, मुख्याध्यापकांना शंका नको, दुकानदाराला सबब नको. पहिलीतल्या मुलालाही ती खूण कळते.

आपल्याकडे दर्शनी खुणेचा विचार झालाच नाही, असे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये प्राधिकरणाने एक मसुदा काढला. त्यात पदार्थांना चित्रपटांसारखे तारे देण्याची कल्पना होती. ग्राहक संघटनांनी हरकत घेतली, आणि ती रास्त आहे. तारा हे बक्षीस वाटते, इशारा वाटत नाही. खारट चिवड्याला दोन तारे मिळाले, तर आई काय समजेल? 'बरा दिसतोय,' असेच ना? एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नी तीन महिन्यांची मुदत घालून दिली, आणि जुलैमध्ये ती वाढवून दिली. सरळ, मोठी, काळी खूण पुडीवर आली, तरच शाळेच्या फाटकावरच्या नियमात जीव येईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर आपण काय करावे?

पालकांच्या हातात काहीच नाही, असे मात्र नाही.

पहिले, शाळेच्या दारावर मनाईचा फलक आहे का, ते पाहा. नसेल तर पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत लेखी मागणी करा. एकट्याने सांगण्यापेक्षा दहा पालकांच्या सह्या असाव्यात.

दुसरे, शाळेच्या उपाहारगृहाचा १४ आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक विचारा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. मुले त्या मंडळाच्या शाळेत असतील, तर हा फलकही विचारा.

तिसरे, समोरच्या दुकानदाराशी आधी गोडीने बोला. तोही शेजारीच आहे. पुड्या आत ठेवून दारात केळी, चिक्की, ताक ठेवल्याने त्याचा धंदा बुडणार नाही.

चौथे, तक्रार करायचीच झाली, तर मोघम नको. शाळेचे नाव, दुकान, पदार्थ, तारीख आणि अंतर लिहून ती जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे किंवा प्राधिकरणाच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट'वर नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

पाचवे, आणि सर्वांत परिणामकारक म्हणजे माहितीचा अधिकार. 'गेल्या वर्षी आपल्या जिल्ह्यात किती शाळांच्या परिसराची या नियमाखाली तपासणी झाली? किती नोटिसा दिल्या?' एवढे दोनच प्रश्न विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर 'शून्य' आले, तरी ते कागदावर येईल आणि स्थानिक वर्तमानपत्राच्या कामी पडेल.

आणि हो, ५० मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण सत्तर पावले. मुलाला घ्यायला जाल, तेव्हा एकदा फाटकापासून चालून बघा. मोजायला सुरुवात करायला सरकारी हुकूम लागत नाही.